बुराक

चोडणच्या फेरीत बाबा इंजिनाच्या बाजूला उभे राहतात,
वाऱ्याकडे पाठ करून.
पिवळी फाइल माझ्या मांडीवर.
शाणू बाबलो चोडणकर, वय एकाहत्तर.
खाली पेन्सिलीने कुणी लिहिलेलं, अर्धं पुसलेलं:
उजवी बाजू, नववी-दहावी बरगडी, मधून.

सही माझी आहे.
गेल्या मार्चमधली, म्हापशाला, दुसऱ्या मजल्यावर,
एसीखाली उभ्या उभ्या केलेली.
सातवी ओळ अशी होती:
क्वचित, सुईच्या वाटेने पेशी पसरू शकतात.
मी 'क्वचित'वर बूड टेकलं.
पुढची ओळ वाचण्याआधी नर्सने पेन दिलं.

गाठ स्कॅनमध्ये दिसत होतीच.
बांबोळीची डॉक्टर मिनेझिस नंतर म्हणाली,
अशा यकृतात गाठ अशी दिसली,
तर बऱ्याचदा सुई घालावी लागत नाही.
बऱ्याचदा. तीही शब्द तोलूनच वापरते.
शंभरात किती जणांना असं होतं?
दोन. तीन धरा.
मी देवळातली जेवणाची पंगत आठवली,
शंभर पत्रावळी,
आणि खांबाजवळ, मीठ वाढायची वाट बघत बसलेले बाबा.

नोव्हेंबरात आंघोळ घालताना
साबण अडखळला.
चिंचोक्याएवढं काहीतरी, दुखत नव्हतं,
बरोबर जिथे पट्टी होती तिथे.
आतली गाठ तोवर जाळून झाली होती, निपचित होती.
ही मात्र सुईचं बोट धरून
आधीच बाहेर निघालेली.

डॉक्टरने दारूचं विचारलं तेव्हा बाबा हसले.
हुर्राकाचे दोन पेले, वर्षातून एकदा, व्याह्यांचा मान म्हणून.
मग हिपॅटायटिस बी कुठून?
त्यांना शाळेची पडवी आठवली,
तापाची साथ, काचेची सिरिंज,
पासष्ट पोरं, एक सुई,
मधे मधे स्पिरिटचा बोळा.
असेल, डॉक्टर म्हणाली. नसेलही.

चाळीस वर्षं बाबांनी खाजनाचे बांध राखले.
भरतीच्या रात्री आधी कंदील, मग टॉर्च,
आणि लोखंडी सळी.
कुर्ल्या बांध आतून पोखरतात, वरून गवत हिरवंच असतं,
म्हणून सळी खुपसून बघायचं: घट्ट लागते की पोकळ.
करंगळीएवढं एक बीळ सुटलं
की सकाळी भातात खारं पाणी,
आणि अख्ख्या वाड्याची तोंडं शाणूकडे.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी डॉक्टर समजावत होती:
कातडीखालचं काढू, भोवतीचं थोडं मांसही.
बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग एवढंच विचारलं,
"सळी काडटना बुराक बुजयलो काय?"

ती थांबली. स्टूल पुढे ओढलं.
म्हणाली, गाठ जाळतो तेव्हा
सुई मागे घेताना आम्ही वाटही जाळत येतो.
पण ती पहिली, तपासणीची, म्हापशाची…
वाक्य तिने तिथेच सोडलं.
बाबांनी मान हलवली,
बांधावर नव्याने आलेल्या पोराला सांभाळून घ्यावं तशी.
"चिखलाचो गोळो दाव्या हातांत आसूंक जाय," म्हणाले,
"सळी खुपसच्या आदींच."

टाके सुकले. आता दर तीन महिन्यांनी ही फेरी.
घरी मी पाठ चोळते, वरून खाली बरगड्या मोजते,
नववीशी बोट रेंगाळतं.
"पुरो गो," ते म्हणतात.
सहीबद्दल आम्ही कधी बोललो नाही.

परतताना ओहोटी लागलेली.
फेरी चोडणच्या धक्क्याला टेकायच्या आधी
काठावरचा उघडा चिखल दिसतो,
त्यात भोकंच भोकं,
प्रत्येकाच्या तोंडाशी ओल्या मातीच्या ताज्या गोळ्या.
बाबा तिकडे बघत नाहीत.
पायातली चप्पल नीट करतात, विचारतात,
"बशीक सुटे पयशे आसात मगो तुजेकडेन?"