मधल्या हवेत

सेमाडोह सोडलं की टॉवर
तीन काड्या, दोन, एक,
सागाच्या पानांत विरघळत जातो.
घटांगच्या अलीकडे एक वळण आहे.
माझ्या वहीत त्याचा नंबर सतरा,
बाबुलाल कासदेकर त्याला मुका मोड म्हणतो.

आज अकरावी फेरी.
मांडीवर लॅपटॉप, टपावर परातीएवढा अँटेना.
मागे स्ट्रेचरवर पेशंट नाही,
वाळूची गोणी आहे,
आणि पोटातल्या बाळाचे ठोके
खोटे खोटे वाजवणारी एक डबी.

ठोके अमरावतीला जातात.
तिथे एक डॉक्टर पडद्यावरची रेघ बघत बसते.
सतराव्या वळणावर रेघ आडवी होते.
चार सेकंद.
मार्चमध्ये स्ट्रेचरवर गोणी नव्हती.
तेव्हा ती रिकाम्या खोलीला म्हणाली होती, "गेलं का?"
लाईन की लेकरू,
हे तिचं तिलाच कळायला चार सेकंद लागले.
आणि इकडे रुक्मी बेठेकर सिस्टर
हातातल्या यंत्राला नुसतीच हॅलो, हॅलो.

चार सेकंद कुठे जातात, ते मी मोजलंय.
टॉवर हात सोडतो.
मग यंत्र आभाळात चाचपडतं, कोण आहे का वर?
साडेपाचशे किलोमीटर उंचावरून
एक उपग्रह चाललेला असतो,
थांबत नाही, थांबणं त्याच्या हातात नाही.
त्याला हाक मारायची. नाव सांगायचं.
तो खालच्या केंद्राला विचारणार, हा आपलाच ना?
केंद्र वही उघडणार, बोट फिरवणार,
होकार पुन्हा वरून फिरून येणार.
तोवर गाडीनं एक साग, एक धावडा,
आणि 'वन्यप्राण्यांचा रस्ता, हळू चालवा' मागे टाकलेलं,
आणि तो वरचा तीस किलोमीटर पुढे.

बाबुलालला हे मी चहा पिताना सांगितलं.
तो बशीत फुंकर घालत म्हणाला,
"घर शाकारताना पाहिलं नाही का कधी?
कवेलू फेकनारा वरच्याचे हात पाहूनच फेकते.
तुमचा टॉवर अगुदर फेकते
अन् मंग वरच्याले हाका मारते."

वरचा कधी येणार, हे तर आम्हाला
पंचांगासारखं पाठ.
आणि रस्ता कुठे पळून जातोय?
मग टॉवरला सांगून ठेवलं:
सोळाव्या वळणावर, दोन काड्या शिल्लक असतानाच
वर नाव कळव, वही उघडून ठेव,
त्यानं हात पसरले की मगच सोड.
एवढंच.
लिहायला आठ महिने लागले.

दुपारचे सव्वादोन. सोळा.
बाबुलालनं गिअर खाली घेतला.
सतरा.
रुक्मी गोणीवर हात ठेवून बसलेली, सवयीनं.
रेघ चालली, जराशी अडखळली,
जशी बाई उंबऱ्याला अडखळते आणि पुढे जाते.
नव्वद मिलिसेकंद.

"बंद झालं का तुटनं?"
"बंद नाही. पण पापणी लवते, त्याच्याही आत येतं."
बाबुलालनं आरशात बघून
एकदा मुद्दाम पापणी मिटली, उघडली.
"तेवढ्यात बी रस्ता दिसत नाही, साहेब."

मी वहीत आकडा लिहिला.
खाली रेघ मारली नाही.
खालच्या हातातून सुटलेलं,
वरच्या हाताला न लागलेलं कवेलू
तेवढा वेळ कोणाचंच नसतं,
ना छपराचं, ना जमिनीचं,
आणि कितीही जवळ उभे राहिलो दोघं
तरी मधे थोडी हवा राहतेच.

अमरावतीहून फोन आला.
"आज कुठे तुटलं ते सापडलं नाही मला,
वळण आलं होतं ना?"
आलं होतं, मी म्हटलं.

रुक्मीनं गोणीवरचा हात अजून काढला नव्हता.
बारावी फेरी.
बाबुलाल, गाडी वळवा.