हळीव

तेवीस किलोची मर्यादा, काट्यावर पंचवीस.
साताऱ्यात, रात्री अकरा वाजता, मीच बॅग उघडली.
जावयाची भाजणी राहू दिली,
मेतकूट राहू दिलं,
लेकीचं हळीव तेवढं काढून ठेवलं ओट्यावर.
का, ते अजून सांगता येत नाही मला.
तिथे मिळतंच सगळं, असं म्हणाले असेन.

मिळतं. मनामात सगळं मिळतं.
पडवळ मिळतं, फणसाचे गरे मिळतात,
दगडी पोहे मिळतात, सुपारीसुद्धा विचारावी लागते हळू आवाजात.
बाळ सहा दिवसांचं. केतकीला दूध कमी.
बाहेर ऑगस्ट, चष्म्यावर वाफ,
दोन दुकानांमधलं अंतरही नाकातोंडात जातं.

कुंजुमोनला म्हटलं, हळीव.
तो हसला, लगबगीनं आत गेला,
आणि हलीमच्या मसाल्याचं खोकं घेऊन आला,
वर चित्र: वाडगा, वाडग्यात बोकडाची तंगडी.
नाही हो, बी. तांबूस. तिळाहून बारीक.
मग त्याने मोहरी काढली. राजगिरा. सब्जा.
शेवटी पोपटांना घालतात ते.

पुढच्या दुकानात डिंक मागितला.
पिवळट खडा हातावर ठेवला त्याने, म्हणाला, चघळा.
चघळला,
आणि अख्खं देवघर तोंडात आलं.
तो ऊदच होता. डिंकाचाच भाऊबंद म्हणायचा,
पण लाडवात नाही चालायचा.

टॅक्सीवाला गुलजमान म्हणाला, माजी, सोना ले लो,
सोना इधर अच्छा मिलता है.
सोनं नको रे बाबा.

बाजाराच्या पाठीमागची बोळ, पत्र्याचे डबे,
स्टुलावर काळ्या अबायात एक बाई,
माझ्याच वयाची, माझ्यासारखाच गुडघा चोळत बसलेली.
मला अरबी नाही, तिला हिंदी नाही.
मी दोन्ही हातांचा पाळणा केला, हलवला.
मग इकडेतिकडे पाहून
पदराआड हात नेला, आणि चिमटीत बारीक काहीतरी धरल्याचं केलं.
साठाव्या वर्षी, भरबाजारात, हे.

ती उठली. *रशाद*, म्हणाली.
तिसऱ्या डब्यात हात घालून मूठ वर काढली,
आणि बोटांतून सांडलं
तांबूस, गुळगुळीत,
ओट्यावर राहिलेलं माझं हळीव.

मग आमचं भांडण झालं.
तिने अंडं दाखवलं, हाताने फोडून, फेटून.
मी नारळ फोडला हवेत, खवला.
ती नाही नाही म्हणाली, अंडं, तूप, मिरी.
मी नाही नाही म्हणाले, नारळ, गूळ, जायफळ.
गिऱ्हाईक खोळंबलं, दोघी अडून बसलो.
तुपावर मात्र एकमत झालं.

पैसे घेताना तिने कागदी पिशवीवर
बॉलपेनने काही लिहिलं, दोन ओळी, खाली रेघ,
आणि माझ्या दंडावर थोपटलं.

निरंजनने ती पिशवी ऑफिसात वाचून आणली.
चाळीस दिवस गार पाणी नाही.
पायांत मोजे.

मी सव्वा महिना म्हणत होते.
मी पहिल्या दिवसापासून म्हणत होते,
तेव्हा केतकी म्हणाली होती, आई, डॉक्टरांना विचारू,
आणि एसी वीसवर ठेवला होता.
आता तिने पिशवी उलटीपालटी करून पाहिली,
त्या अक्षरांवरून बोट फिरवलं,
उठली, फ्रीजमधली बाटली मुकाट बाहेर काढली.
मोजेही घातले. निरंजनचे, ढगळ.

मी काही बोलले नाही.
हळीव नारळाच्या पाण्यात चांगलं फुगलं होतं.
लाडू वळत राहिले.
खोबरं जरा कोरडंच निघालं इथलं.