सा देकमधली अवस

कचेऱ्या आठ दिवस बंद, म्हणून अडकले.
नाहीतर भावाची पेटी घेऊन
परवाच निघाले असते.

दुपारी बारापर्यंत नदीकाठ पिवळा होता,
होड्यांतून उतरलेली शेवंती, टोपल्याच टोपल्या,
आणि स्कूटरच्या मागे बसून
घरोघर निघालेली संत्र्याची बुटकी झाडं.
बारा वाजले तसा
एका माणसानं बाह्या दुमडल्या
आणि न विकलेली एकेक कुंडी
घाटाच्या दगडावर आपटायला घेतली.
फुकट दिली तर पुढच्या वर्षी
सगळे बाराचीच वाट बघतील,
असं कुणीतरी खुणांनी सांगितलं.
मला ते पटलं. मला त्याचा राग आला.
दोन्ही एकदम.

थोआबाईच्या माडीवर भाऊ चार वर्षं राहिला,
बासाच्या कारखान्यात मासे मोजत.
तिनं शेवटचा केर काढला,
झाडू दाराआड लपवला.
आता तीन दिवस झाडायचं नाही,
लक्ष्मी जाते.
लक्ष्मी हा माझा शब्द,
तिचा मला कळला नाही.

केळीच्या पानांत आवळून बांधलेला चिकट भात
पिंपात रटरटत होता.
मी लाकडं सारत बसले, कुणी नको म्हटलं नाही.
पण साडेअकराला ती समोर येऊन उभी राहिली,
सदऱ्याचं शेवटचं बटण फिरवत,
आणि फोन माझ्यासमोर धरला. फोन बोलला:
‘आपल्या कुटुंबात या वर्षी मृत्यू झालेला आहे.
नूतन वर्षी गृहात प्रथम पाऊल आपले नसावे. क्षमस्व.’
यंत्राचं मराठी फार शुद्ध होतं.

अगं, कळतं मला, म्हटलं.
आमच्याकडेही वर्षभर सण धरत नाहीत.
हे यंत्राला सांगितलं नाही.
चपला घातल्या, बाहेर आले.

बाहेर प्लास्टिकची दोन स्टुलं मांडलेली होती,
आधीच.
निळ्यावर खिएम नावाडी.
त्याची बायको पावसाळ्यात गेली,
हे त्यानं मनगटाभोवती
बांगडीएवढं बोट फिरवून सांगितलं.
मी सात बोटं दाखवली, सात महिने.
दुपारच्या ढिगातून उचललेली एक कुंडी
त्याच्या पायाशी होती,
फुटक्या बाजूला पिशवी गुंडाळलेली.
कलिंगडाच्या लाल रंगवलेल्या बिया
त्यानं माझ्या ओंजळीत ओतल्या,
कडेवर दात कसा टेकवायचा ते दाखवलं.
मला जमेना. अर्ध्या मी चावूनच गिळल्या.

आमच्याकडे अवसेला
निघालेला माणूसही पाऊल मागे घेतो.
इथं वर्ष येतं तेच
अवसेच्या पाठीवरून.
बाराला पलीकडच्या तीरावर दारूकाम उडालं,
नदी क्षणभर हिरवी, मग जांभळी, मग परत नदी.
खिएमनं मान वर केली नाही.

पहिलं पाऊल शेजारच्या पोराचं ठरलं होतं.
त्याचं नाव लोक.
लोक म्हणजे भरभराट,
भावाच्या शब्दांच्या वहीत लिहिलंय, तिसऱ्या पानावर.
लोक आले की आत जायचं,
मी मनात म्हटलं, मला हसू आलं,
आणि हे भावाला सांगायला मी वळले.

निळ्या स्टुलावर खिएम.

लोक मात्र झोपला होता.
आईनं उचलून आणला, पण कडेवरून आलेलं
धरत नाहीत म्हणे, पाऊल जमिनीला लागलं पाहिजे.
पावणेदोनला तो चालत आला,
नवे बूट उलट्या पायांत,
उंबरा ओलांडला, लाल पाकीट घेतलं
आणि भोकाड पसरलं.
सगळे म्हणाले, छान, छान.

मग थोआबाई बाहेर आली.
भाताच्या दोन चकत्या, दोन बशा.
मला दंडाला धरून आत नेलं.
खिएम आला नाही. त्याची होडी होती,
आणि कुंडी.

सकाळी पाहिलं,
स्टुलांखाली फोलपटांचे दोन लाल ढीग,
त्याचा नीट, माझा विखुरलेला.
येणारेजाणारे पाहुणे त्यांना वळसा घालत होते.
तीन दिवस ते कुणी झाडलं नाही.
चौथ्या दिवशी कचेरी उघडली.