सत्तेचाळीस ठिपके

मागच्या चाकावरचा पत्रा उतरवायचा
म्हणजे आधी ठिपके शोधायचे.
रंग खरवडला, त्याखालचा रंग खरवडला,
त्याखाली कुणीतरी भरून ठेवलेलं बोटभर जाडीचं पुट्टीचं पाप,
आणि मग ते दिसू लागले,
देवीच्या व्रणांसारखे, गोल, किंचित खोल.
खडूने खुणा करत मोजले. सत्तेचाळीस.

बाहेर उणे अठरा. बोथ्नियाचा किनारा गोठलेला,
रस्त्यांवर मीठ.
गाड्या त्यानेच कुजतात, आमची चूलही त्यावरच पेटते,
तेव्हा मिठाला जागणं आलंच.

ड्रिल उतरवायचं फक्त वरच्या पत्र्यापुरतं.
खालच्याला भोक पडलं तर रेयो रागावत नाही,
नुसता खोकतो.
त्या दिवशी तो तीनदा खोकला.

मग छिन्नी घालता घालता थांबला,
चष्मा कपाळावरून खाली ओढला.
"कारखान्यातलेच हे. आमच्या पाळीतले."
शहात्तर साली तो त्या रांगेत उभा असायचा,
छताला टांगलेला चिमटा, तांब्याची दोन टोकं,
दाब, धर, सोड,
जेवणाची घंटा होईस्तोवर दाब, धर, सोड.
"तुमचे?" मी विचारलं.
"माझे सरळ असतात."

हे सरळ नव्हते.
ओळ निघते शहाण्यासारखी आणि अकराव्या ठिपक्यापासून
डावीकडे उतरत जाते,
रेघा नसलेल्या कागदावर लिहिलेल्या चिठ्ठीसारखी.

"पाउली," तो म्हणाला. "डावखुरा होता."
होता नाही, आहे. त्याचा भाऊ.
खाडीपलीकडे राहतो, उन्हाळ्यात त्याच्या धुराड्याचा धूर दिसतो इथून.
एका बोटीच्या वाटणीवरून, म्हणतात.
बोट केव्हाच बुडाली.

नवा पत्रा आला तो काळा, तेलकट, नको तितका नवा.
चाकाच्या कमानीला डिंक, कारण तिथे दोन पत्र्यांच्या मध्ये
पाणी जाऊन बसतं, आणि पाणी उठत नाही.
खाली उंबऱ्याला वेल्डिंग.
डिंकावर रेयोचा विश्वास नाही. "पाकिटं चिकटवा त्याने."
गेल्या महिन्यात मी दोन पट्ट्या जोडून आढ्याला लटकवल्या
आणि खाली टांगली त्याची ऐरण.
तेव्हापासून टांगलेलीच आहे.
तो तिला वळसा घालून कॉफीपर्यंत जातो.

वेल्डिंगची परीक्षा मात्र त्याचीच शिकवण:
दोन तुकडे जोड, शिकंज्यात धर, पकडीने सोल.
जोड अलगद सुटून आला, तर तो जोड नव्हताच.
पत्रा फाटला, आणि एकाचं बटणाएवढं मांस
दुसऱ्याच्या अंगावर राहिलं,
तर लाग कामाला.

त्या दिवशीचे चारही तुकडे फाटले.
त्याने प्रत्येक बटणावरून अंगठा फिरवला,
जरा जास्तच वेळ.

मग मी दाबलं, धरलं, सोडलं.
पुस्तकात बावन्न सांगितलेत, मी बावन्न घातले.
माझी ओळ सरळ आली. तो काही बोलला नाही, खोकलाही नाही.
कमानीवर करडा डिंक कडेने फुगून आला,
बोटाने निपटला, क्लॅम्प आवळले.

संध्याकाळी भंगाराचं पिंप रिकामं करायला गेले
तर जुन्या पत्र्याची कडा कात्रीने कापलेली.
हातभर पट्टी, बरोबर ठिपक्यांची,
पिंपात नव्हती.

"वेन्ला, डिंकाला वीस अंश लागतात. रात्रभर हीटर बंद करू नकोस,"
तो दारातून म्हणाला.
कोटाचा डावा खिसा ताठ उभा होता.
गाडी सुरू झाल्याचं ऐकलं.
फाटकाशी उजवीकडे वळलं तर त्याचं घर,
डावीकडे खाडी.
खिडकीवर बर्फ होतं, आणि मला
क्लॅम्प पुन्हा एकदा मोजायचे होते.