सतरा नंबर

समुद्राकडे उतरणारी गल्ली, न्यू बेडफर्ड,
तीन मजली लाकडी घर, पायरीवर मिठाचा पांढरा डाग.
देओलिंदा फुर्तादोबाई, वय शहाऐंशी,
दार उघडतात आणि आधीच सांगून टाकतात :
घराला काही झालेलं नाही.
विमावाल्यांना झालंय.

बरं, म्हटलं मी. तळघर कुठे?

बत्तीस वर्षं मी लोकांच्या भिंतींत हात घालते.
उजव्या अंगठ्याला एका जुन्या झटक्याची खूण आहे.
इथे तुळयांवर चिनीमातीच्या गोट्या, ओळीने,
आणि त्यांवरून कापडात गुंडाळलेली तार,
शंभर वर्षांपूर्वी कुणी ताणलेली,
इतकी सरळ की बॅटरी धरून मी बघतच राहिले.
त्याचं काही चुकलं नव्हतं.
त्याच्या हिशेबात एका खोलीला एक दिवा होता.
मायक्रोवेव्ह नव्हता, हीटर नव्हता,
आणि पोटमाळ्यावर थंडीसाठी कोंबलेला
तो राखाडी कापूसही नव्हता,
ज्याच्याखाली तार नुसती तापत राहते.
बोट लावलं तर वरचं कापड पापडासारखं मोडलं.

सॉकेट सगळे दोन भोकांचे.
तिसरी तार, चुकलेल्या विजेला मुकाट
जमिनीत उतरवणारी, कुठेच नाही.
फ्रिजच्या प्लगचा तिसरा पाय
बाईंनी पकडीने तोडलेला.
"चालतोय की," म्हणाल्या.
चालतोय. चालतोच.
म्हणून तर मला आगीनंतरचीच घरं जास्त ठाऊक.

मग फ्यूजचा डबा. चार काचेचे फ्यूज.
तिसरा पिळून काढला आणि त्याच्यामागे
तांब्याचं नाणं. एक सेंट. एकोणीसशे अठ्ठावन्न.
एका कडेने काळंनिळं.

मी बोलले नाही. बाई पायरीवर बसल्या.
"आर्मिंदोने ठेवलं असणार.
तुमास तापात होता, फेब्रुवारी, बाहेर बर्फ,
विजेची शेगडी लावली की दिवे जायचे.
फ्यूज संपले, दुकानं बंद. हा खाली गेला,
वर आला तेव्हा सगळं चालू.
काय केलंस विचारलं तर हसला.
मला वाटलं, हुशार नवरा आहे."

हुशारच होता. पोर जगलं.
पण सकाळ झाली, दुकानं उघडली,
आणि नाणं तिथेच राहिलं, साठ हिवाळे.
घर जळलं नाही ते मी नशिबाच्या खात्यावर मांडते,
त्याच्या नाही. हे त्यांना सांगितलं नाही.
अंदाजपत्रकात लिहिलं : नवी तार, नवी पेटी, अर्थिंग.
नाणं त्यांनी एप्रनच्या खिशात टाकलं.

नऊ दिवस लागले. प्लास्टर पडलं, त्या रागावल्या,
माझ्या हाताखालच्या पोराला रोज गोड पाव, मला नाही.
शेवटी पेटीच्या दारावर यादी हवी होती,
कोणता स्विच कोणत्या खोलीचा.
मी 'मागची खोली' लिहायला घेतलं, त्यांनी पेन काढून घेतलं.
तुमास. रोझाल्बा. आई.
सतरा नंबरला, त्या नाण्याच्या ओळीला : आर्मिंदो.
यातलं घरात आता कुणी राहत नाही.
नियमाला खोलीचं नाव लागतं,
म्हणून मी खाली बारीक अक्षरात 'स्वयंपाकघर' लिहिलं.

तिसऱ्या रात्री, अकराला, फोन.
"सेलेस्तिना, आर्मिंदो पडला."
पोटात एक गोळा. मग उमगलं.
"काय काय लावलं होतं?"
"किटली. आणि पायाशी हीटर.
आणि टोस्टर, पण थोडाच वेळ."
"मोडलं नाही काही. तो नाही म्हणाला, इतकंच.
हीटर काढा. मग त्याला आधी पूर्ण बंद, मग चालू."

खट्. मला फोनमधून ऐकू आलं.
बराच वेळ नुसती किटली, पुन्हा सुस्कारू लागलेली.
"मला कधी नाही म्हणायचा नाही हो तो,"
बाई म्हणाल्या,
आणि फोन न ठेवता तसाच धरून राहिल्या.