चौथा पंख

दीड महिना लागला.
उद्यमनगरात लेथ थंड झाल्यावर
शटर अर्धं ओढून
हिंदुराव सुतार आणि मी.
माझ्या छातीला लागेल एवढी पुठ्ठ्याची नळी,
बाल्साचे चार पंख, इतके हलके
की फॅन लावायची सोय नाही.

हिंदुरावांनी जन्मभर फाउंड्रीला पॅटर्न करून दिले.
पंपाचे, गिअरबॉक्सचे, सगळे सागवानी.
"लाकूड हितंच ऱ्हातं," पॉलिश पेपर फिरवत म्हणाले,
"लोखंड गावं फिरतं.
ह्यो पयलाच, सोता जाणारा."

सांध्यांवर इपॉक्सी मी अंगठ्यानं ओढली.
चौथ्या पंखाला लाईट गेली.
ते तसंच राहिलं.

मसाई पठार. कोवळं ऊन, वारा बऱ्यापैकी.
दांडी ओळंब्यात धरली.
पाच, चार...
तीनलाच हिंदुरावांनी बटण दाबलं.

कापड फाटावं तसा आवाज,
आणि दांडी रिकामी.
म्हशी ढिम्म.
वर ठिपका, मग ठिपकाही नाही.
भट्टीशेजारी काम करणाऱ्यांची नजर खाली असते;
आमच्या माना दुखायला लागल्या.

मग केशरी छत्री.
उशिरा, पण उघडली.

करवंदीच्या जाळीपाशी एक पोरगं
रॉकेट काखोटीला मारून उभं.
"तुमचं हाय न्हवं?"

चौथा पंख निखळून लोंबत होता.
सांध्यावर माझ्या अंगठ्याचा ठसा,
रेघ न् रेघ.
मी काही बोलणार,
तोवर हिंदुरावांनी पंख अलगद मोडून
खिशात टाकला.
"ऱ्हाऊ दे. पॅटर्न घावला."