नंतर

निकाल कानडीत वाचला.
मला त्यातला एकच शब्द कळला, नंतर.
ओंदर नंतर ओंदु.
दोन्ही भाषांत सारखा असलेला शब्द
नेमका तोच तुझ्या वाट्याला आला, भरमा.

तीन वर्षं रात्री कुलूप फोडून आत शिरल्याची,
ती संपली की दोन तंबाखूच्या पोत्याची,
तीही संपली की एक
वखारीचं पत्र्याचं दार वाकलं त्याचं.
रात्र एक. वखार एक. तूही एकटाच.
बेरीज मात्र सहा.

मगदूम वकील म्हणाले, अपील चिकोडीला.
सुटणार नाही तो, बाई,
चोरी त्यानं केलीच आहे.
आपण एवढंच मागायचं,
तिन्ही शिक्षा एकदम चालू द्या.
कानडीत त्याला एककालक्के म्हणतात.
निपाणीपर्यंत बसमध्ये मी तो शब्द
सुट्ट्या पैशांसारखा मुठीत धरून आले.

मी त्यांना म्हटलं होतं, साहेब,
मी पान कातरते, जर्दा भरून वळते, दोरा बांधते.
मजुरी मिळते एका विडीची.
हजार विड्यांना तीन हजारांचे पैसे
आजवर कुठल्या शेठनं दिलेत?
ते हसले. चष्मा पुसला.
लिहून मात्र घेतलं नाही.

तारखेला सरकारी वकील उठली,
तरणी पोर, घसा बसलेला.
म्हणाली, कुलूप तुटल्यावर आरोपीला
माघारी फिरता आलं असतं.
पोतं उचललं तो दुसरा विचार,
म्हणून दुसरा गुन्हा.

तेव्हापासून ती मधली जागा
डोळ्यांपुढून हलत नाही.
तुटलेलं कुलूप हातात,
आत अंधार, तंबाखूची ती ठसका लावणारी ऊब,
आईच्या लुगड्याला यायची तीच,
आणि तू उंबऱ्यावर.
किती वेळ उभा होतास?
मला सांग. वकिलांना नको सांगू.

आणि त्याच्याही आधीचं.
त्या आठवड्यात शेठनं माझ्या चारशे विड्या छाटल्या,
पैसे कापले, विड्या ठेवून घेतल्या.
जेवताना मी ते तुला सांगितलं.
नंतर तू गेलास.
हे कुठल्याच कलमात नाही,
मीही साक्षीत बोलले नाही.

निकाल सव्वीस तारखेला.
सकाळच्या गाडीत कॉलेजची पोरं असतात,
उभ्यानं जाईन.
तिन्ही एकत्र झाल्या तर तीन वर्षं,
त्यातलं दीड तू हिंडलग्याला काढलंस.
नाहीतर साडेचार उरतात.
अंगठा नाही, सही करते मी,
पण हा हिशेब बोटांवरच केला.

तोवर मांडीवर सूप.
पान, जर्दा, दोरा.
पान, जर्दा, दोरा.
परवा एका विडीवर हात थांबला.
वळलेली होती, बांधलेली नव्हती.
हिला काय म्हणायचं, कळेना.
उकलली,
जर्दा परत सुपात टाकला.